उताऱ्याची टोपली

जगात वाईट कुठून येतं, हा प्रश्न मी वयाच्या तेविसाव्या वर्षी कायमचा सोडवला होता. आज सत्तरीत त्या उत्तरातला एक शब्द आठवत नाही, पण सोडवला होता हे नक्की, कारण मी तसं सगळ्यांना सांगत फिरत होते. बोईसरच्या आमच्या बैठ्या चाळीत दुपारच्या वेळी बायका तांदूळ निवडायला ओट्यावर बसायच्या. बाकीच्या तांदूळ निवडायच्या, मी धर्म निवडायची. माझ्या सुपातले खडे मग नवऱ्याच्या दाताखाली यायचे.

सात खोल्यांची पत्र्याची चाळ होती ती. पुढे कच्चा रस्ता, मागे खाजणाची खारट दलदल. कारखान्यांचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा आणि पाळीच्या बसमधून माणसं उतरायची. नवरा रंगाच्या कारखान्यात होता. त्याच्या बाह्या एका आठवड्यात पिवळ्या असायच्या, दुसऱ्या आठवड्यात जांभळ्या. आम्ही मूळचे कराडकडचे. मी मॅट्रिक पास, सेकंड क्लास. हे 'सेकंड क्लास' मी भाजीवाल्यालाही सांगून ठेवलं होतं.

ओट्यावरच्या सभेत तीन मुख्य वक्त्या असायच्या. एक माझ्या सासूबाई. मला मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला म्हणून आल्या त्या राहिल्याच. दुसरी शेजारच्या खोलीतली चाची. तिचे यजमान वेल्डिंगचं काम करायचे आणि ती उत्तर प्रदेशातून आणलेल्या मोठ्या पितळी अडकित्त्याने दिवसभर सुपारी कातरायची. तिसरी कोपऱ्यातल्या खोलीतली नर्सबाई, वसईकडची ख्रिस्ती, एकटी राहणारी. सरकारी दवाखान्यात नोकरी, आणि बोलणं सुई टोचल्यासारखं.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. ''आगं, देव कुणाचं वंगाळ करत न्हाई. ज्याचं त्याचं मागल्या जन्माचं.'' फक्त त्यांचा एक पोटनियम होता. दुसऱ्याच्या घरात दुखणं आलं की ते मागल्या जन्माचं. आपल्या घरात आलं की ती कुणाची तरी दृष्ट.

चाचीचा सैतान मला फार आवडायचा. त्याने मातीच्या माणसापुढे वाकायला नकार दिला, कारण तो स्वतः आगीचा. ''घमंड, बेटी, और कुछ नहीं,'' चाची म्हणायची. मी विचारलं, मग तो माणसाच्या हातून पाप करवतो कसं? चाचीने सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. ''ज़बरदस्ती नहीं करता. बस कान में फूँकता है. हाथ तो अपना ही चलता है.''

नर्सबाईंना मी एकदा खोड काढायला म्हटलं, ''तुमच्या देवाची शिक्षा जरा जास्तच आहे हो. एका फळासाठी बागेतून हाकलून दिलं? आमच्याकडे शेजाऱ्याचे पेरू पोरं रोज पाडतात.''

''फळाचं काय घेऊन बसलीस? देवानं विचारल्यावर काय झालं ते बघ,'' नर्सबाई म्हणाल्या. ''त्याला विचारलं, तर म्हणतो हिनं दिलं. हिला विचारलं, तर म्हणते सापानं सांगितलं. मी खाल्लं, एवढं म्हणायला एकाची जीभ वळली नाही.''

''आणि सापाला विचारलं का?''

''सापाला कोण विचारतंय!''

आम्ही सगळ्या हसलो. मी तर सर्वांत जास्त. असल्या गोष्टींवर हसायला मला त्या काळी काहीच लागायचं नाही.

या सभेच्या कडेला, पायरीच्या खाली, एक चौथी बाई असायची. ती आमची भांडी घासायला यायची. रेल्वेच्या पलीकडे, शेतं ओलांडून गेलं की टेकाडाच्या पायथ्याशी तिचा पाडा होता. वारली बाई, माझ्याच वयाची, नवरा वारलेला, दोन पोरं. आषाढात दिराच्या जमिनीच्या तुकड्यावर भात लावायची, एरवी आमच्या चाळीत तीन घरांची भांडी. काम झालं की पायरीशी बसून बांबूच्या टोपल्या विणायची. तिच्या टोपल्यांची एक गंमत होती. कारखान्यांच्या मागे खोक्यांना बांधलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या फेकलेल्या असत, त्या ती गोळा करून टोपलीच्या काठाला विणायची. असला काठ पाड्यावर दुसरं कुणी करत नसे. पुरेशा पट्ट्या मिळून तशा दोनच टोपल्या झाल्या होत्या. एक तिच्या घरी आणि एक तिने मुलीच्या बारशाला मला दिली होती.

एकदा मी तिलाही विचारलं, ''काय गं, वाईट कुठून येतं?''

तिने वर न बघता सांगितलं, ''आपोआप नाय येत, बाय. कोणतरी करता.''

''कोण?''

''ता भगत सांगतो.''

मी चाचीकडे बघून डोळे मिचकावले. अडाणी, असं मनात म्हटलं. मी म्हटलं, सेकंड क्लास मॅट्रिकने.

त्याच वर्षी भाद्रपदात माझी मुलगी आजारी पडली. वर्षाची होती. दूध घेईना, रडणं थांबेना, अंग तापलेलं. नर्सबाईंनी औषध दिलं, ते चालू होतं. पण तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्या चुलीत टाकल्यावर तडतडल्या नाहीत म्हणे, आणि त्यांनी निकाल दिला. ''दृष्ट हाय. उतारा टाकाय पायजे.''

मी आधी हसले. मग पोरीने डोळे फिरवले आणि मी हसायची थांबले. दहीभात, त्यावर कुंकू, लिंबू, उडीद, हिरवी बांगडी. सासूबाईंनी ते पोरीवरून सात वेळा उतरवलं. पत्रावळ संपली होती, म्हणून मी हाताला आली ती टोपली पुढे केली. निळ्या काठाची. उतारा तिन्हीसांजेला तिठ्यावर नेऊन ठेवायचा, वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही.

आमच्या चाळीपासून पन्नास पावलांवर तिठा होता. पण तिथेच पाळीची बस थांबायची, आणि ती यायची वेळ झालेली. नवऱ्याचे सगळे सोबती खिडक्यांतून बघणार की मॅट्रिक बाई पदराखाली उतारा घेऊन चालली आहे. ज्यांच्यापुढे मी विज्ञानाची बाजू मांडलेली, तीच माणसं! पोर घरात तापाने फणफणलेली आणि मला लाज कशाची, तर बसमधल्या माणसांची. मी तिठ्यावर थांबलेच नाही. रूळ ओलांडले, शेताच्या बांधाने पुढे गेले, आणि जिथे बैलगाडीची वाट दोन बाजूंना फुटते तिथे टोपली ठेवून परत फिरले. मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं की त्यातली एक वाट पाड्याला जाते. खरं तर पाहायची गरज नव्हती. ती बाई रोज तिकडूनच यायची.

मुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. सासूबाईंनी मान डोलावली. नर्सबाई म्हणाल्या, औषधाला तीन दिवस लागतातच. मी दोघींनाही हो म्हटलं.

त्यानंतर भांडीवाली चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी आली ती पायरीशी बसली नाही, थेट दारात उभी राहिली. ओठ फुटलेला होता.

''बाय, ती टोपली हाय ना तुमचेकडं?''

''कुठली?''

''माजी. निळ्या पट्टीची.'' ती भराभर बोलत होती. दिराची मुलगी आजारी होती, डोळे हळदीसारखे पिवळे, खाल्लेलं पोटात राहत नव्हतं. पाड्याच्या वाटेवर उतारा सापडला होता. हात कोण लावणार? तो तिथेच होता. पण टोपली सगळ्यांनी ओळखली. ''तीं सांगतात, तूच केला. दीर सांगतो, माजे जमिनीसाठी केला. भगत रविवारी दाणे टाकणार. तुमी दाखवा ना, बाय. तुमची तुमचेकडं, माजी माजे घरात. मंग मी सांगन, ती कोण दुसऱ्याची हाय.''

पाड्यावर ज्या बाईचं नाव भगताच्या, म्हणजे तिथल्या मांत्रिकाच्या, दाण्यांतून निघे तिला भुताळी, करणी करणारी, म्हणत. एकदा म्हटलं की म्हटलं. आदल्या शिमग्यात पलीकडच्या पाड्यावरच्या एका म्हातारीचं नाव निघालं होतं. तिला हाकलली असं कुणी म्हणे, कुणी काहीच म्हणत नसे. ती मात्र पुन्हा बाजारात दिसली नव्हती. ओट्यावर या गोष्टीची आम्ही एक दुपार चर्चा केली होती आणि चहा घेतला होता.

माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

''आहे ना,'' मी म्हणाले. ''माळ्यावर आहे. आता कुठं काढू?''

तिने माळ्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाली, ''हाय ना? मंग बरा,'' आणि गेली. बरं कसलं? माझी टोपली माळ्यावर असेल तर वाटेवरची तिसरी टोपली विणली कुणी? असला काठ विणणारी पाड्यावर एकच होती. तिच्या सुटकेला एकच दार होतं, ती टोपली माझी हे मी कबूल करण्याचं, ते मी बाहेरून कडी घालून बंद केलं. हे मला ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कळलंसुद्धा. हाक मारता आली असती.

तो शुक्रवार होता. हाताशी दीड दिवस होता, आणि मी तो कसा घालवला ते ऐका. मी धर्मचर्चा केली.

चाचीला विचारलं, ''सैतानानं कानात फुंकल्यावर माणसानं ऐकलं, पण नंतर त्याला वाईट वाटलं, तर?''

''तो तौबा करे.''

''म्हणजे मनातल्या मनात?''

''जिसका बिगाड़ा है, पहले उससे जाकर माफ़ी. फिर ऊपरवाला.'' अडकित्ता थांबला. ''क्या किया तूने?''

''मी? कुठं काय! पुस्तकात वाचलं.''

नवऱ्याला सांगितलं. तो बाह्या धूत होता. म्हणाला, ''त्यांच्यात आपण पडू नये. उद्या दगड पडले तर?'' सासूबाई म्हणाल्या, ''तिच्या नशिबात आसंल ते कुणाला चुकलंय? तू उतारा टाकलास तो तुझ्या पोरीसाठी. आईनं केलेलं पाप न्हाई लागत.'' किती छान वाटलं ते ऐकायला! त्या रात्री मला झोपही लागली. खोटं कशाला सांगू.

शनिवारी संध्याकाळी नर्सबाईंच्या खोलीत गेले. पाड्याच्या वाटेवरची टोपली, दिराच्या मुलीचे पिवळे डोळे, सगळं सांगितलं, फक्त टोपली कुणी ठेवली तेवढं सोडून. वर मोठी प्रस्तावना केली. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर एखाद्या निरपराध बाईवर आळ येऊ देईल का वगैरे. त्या युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या. इस्त्री उभी ठेवून म्हणाल्या, ''टोपली तू ठेवलीस ना?''

मी त्यांच्या युनिफॉर्मची बाही सारखी करायला लागले.

''पोरीचे डोळे पिवळे आहेत म्हणतेस. कावीळ आहे ती. पालघरच्या दवाखान्यात न्यायला हवी, आणि तुझी इथे देवाची उलटतपासणी चाललीय. उद्या मी चर्चमधून आल्यावर निघू. चपला मजबूत घाल.''

रविवारी दुपारी आम्ही पाड्यावर पोचलो. कुडाच्या झोपड्या, मधे सारवलेलं अंगण, ताडाची तीन झाडं. माणसं जमलेली होती, पण आवाज नव्हता. कोंबडीसुद्धा ओरडत नव्हती. ती बाई अंगणाच्या टोकाला एकटी बसलेली होती. तिच्या आणि बाकीच्यांच्या मधे दोन बैलगाड्या मावतील एवढी जागा मोकळी सोडलेली. तिची दोन्ही पोरं दुसऱ्या बाईने धरून ठेवली होती. दीर हातात काठी घेऊन उभा होता, आणि ती काठी गुरं हाकायची नव्हती.

भगत म्हणजे कुणी जटाधारी असेल अशी माझी समजूत. निघाला एक सुकलेला म्हातारा, कानावर विडी. पुढ्यात सूप आणि त्यात तांदूळ. त्याने आम्हाला बघून सावकाश सांगितलं, ''बसा, बाय.''

मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते. ''ती टोपली मी ठेवली,'' मी म्हणाले. ''हिने मला दिली होती. माझी मुलगी आजारी होती, तिच्यावरून उतारा टाकला. ही विचारायला आली तेव्हा मी खोटं बोलले.''

एवढं मोठं वाक्य मी शाळेच्या वक्तृत्वातही न अडखळता म्हटलं नव्हतं. आता सगळे सुटकेचा श्वास सोडतील, दीर काठी टाकेल, मी मोठ्या मनाने मान खाली घालेन, असं चित्र मी वाटेत रंगवलं होतं. तसं काही झालं नाही. सगळे भगताकडे बघत होते.

त्याने सूप बाजूला सारलं. ''तुजी पोरगी आता कशी हाय?''

''बरी आहे.''

''तुमी उतारला, ती बरी झाली.''

''हो.''

''मंग तिचा दुकना कुठं गेला?''

मी तोंड उघडलं. माझ्याकडे मागल्या जन्माचं उत्तर होतं, सैतानाचं होतं, पहिल्या बाईच्या फळाचं होतं. नर्सबाईंच्या औषधाचंही होतं, आणि ते खरं होतं. पण ते मी आता म्हणायचं म्हणजे उतारा टाकला कशाला? तो म्हातारा माझ्याच श्रद्धेने हिशेब मांडत होता. मी माझ्या मुलीवरून काहीतरी काढलं आणि ते कुठेतरी ठेवलं. ते कुणाच्या तरी वाटेवर असणारच होतं.

नर्सबाई मधे पडल्या. ''ते राहू दे, बाबा. पोरीला कावीळ आहे. आत्ता गाडी जुंपा, मी स्वतः घेऊन जाते. उशीर केलात तर हाताला लागणार नाही.''

''नेशील,'' भगत म्हणाला. ''आदी ज्याचा हाय त्यानं उचलूं दे. पोरगी त्याचेवरून कशी जाल? वाट तीच हाय.'' मग माझ्याकडे वळून अगदी समजावणीच्या सुरात, ''तू उचल. तुजे घरात ने. उंबऱ्याचे आत. मंग हिचेवर काय नाय,'' आणि त्याने त्या बाईकडे हनुवटीने खूण केली. ''नायतर आमी काय समजायचा?''

त्या बाईने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. माझं किती वजन आहे ते ती बघत होती.

सासूबाईंनी मला लहान मुलीसारखं बजावलेलं होतं, टाकलेल्या उताऱ्याला पाय लागला तरी ते मागे येतं. आणि हा म्हणत होता, हाताने उचल आणि जिथून काढलंस तिथे नेऊन ठेव. जिथे माझी मुलगी रांगत होती तिथे. विज्ञानाची बाजू मांडणाऱ्या त्या बाईला मी आजही शोधते आहे. त्या क्षणी ती कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे!

''सासूबाईंना विचारून येते,'' मी म्हणाले.

अंगणात कुणीतरी हसलं. नर्सबाईंनी डोळे मिटले. दिराने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि ते बघून मी चालायला लागले.

टोपली होती तिथेच होती. भात आंबून काळा पडलेला, मुंग्यांनी भरलेला, लिंबू दगडासारखं. मी ती उचलली. बैलगाडीत दिराची मुलगी घोंगडीत गुंडाळून ठेवलेली होती. गाडी माझ्यापासून अंतर राखून पुढे निघून गेली, नर्सबाई तिच्यात. माझ्या मागे, वीसेक पावलं सोडून, पाड्यावरची तीन माणसं चालत होती. एक पुरुष, दोन बाया. मी टोपली खरोखर उंबऱ्याच्या आत नेते का ते बघायला.

पाऊण तासाची वाट. त्या वाटेत मी टोपली टाकायच्या किती जागा शोधल्या! पहिल्यांदा ओढा लागला. पण ओढ्यावर बायका कपडे धूत होत्या. मग रूळ. फाटकाशी गँगमनची पोरं खेळत होती. मग कारखान्यांच्या मागची पडीक जमीन, तर तिथे पाल ठोकून कुठलीशी नवी माणसं उतरलेली, तीन दगडांची चूल पेटवून. कुणाचंच नाही असं ठिकाण मला बोईसरभर सापडलं नाही. मागे बघितलं की ती तीन माणसं तेवढ्याच अंतरावर उभी राहायची.

बाजारात लोक बाजूला झाले. वाण्याने दुकानाच्या पायरीवर पाणी शिंपडलं. मुंग्या माझ्या मनगटापर्यंत चढल्या होत्या, आणि मला त्या झटकायचा धीर होईना. खाली पडल्या तर कुणाच्या पायाला लागतील, असा विचार मी करत होते. मी!

चाळीत बातमी माझ्या आधी पोचली होती. ओटा रिकामा. खोल्यांची दारं एकेक करून लागली. चाची तिच्या दारात उभी होती. तिने नातवंडांना मागे ढकललं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि माझ्या दिशेने नाही, माझ्या हातातल्या टोपलीच्या दिशेने फुंकर मारली.

आमच्या दारात सासूबाई. कडेवर माझी मुलगी, दोन्ही हात माझ्याकडे पसरून 'आ, आ' करणारी.

''आत पाऊल टाकू नगंस,'' सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका हळू कधीच ऐकला नव्हता. ''माझ्या नातीवर आणतीयास?''

''मग कुणाच्या नातीवर ठेवू?''

''कुटंबी टाक. जग येवढं मोठं हाय.''

''मोठं नाहीये, सासूबाई. मी आत्ताच बघून आले.''

मागे तिघं रस्त्यावर थांबली होती. पुरुषाने विडी पेटवली. त्यांना घाई नव्हती. मी दाराकडे एक पाऊल टाकलं, तशा सासूबाई पोरीचा चेहरा पदराने झाकून, भिंतीला पाठ घासत बाहेर पडल्या आणि थेट चाचीच्या खोलीत शिरल्या. वर्षभरात त्या घरचं त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. चाचीने त्यांना आत घेतलं आणि कडी लावली.

मी उंबरा ओलांडला. टोपली जमिनीवर ठेवली. वळून बघितलं तेव्हा ती तिघं निघून जात होती.

पुढचं थोडक्यात. टोपली मी शेगडीत जाळली. निळ्या पट्ट्यांचा धूर घरात आठ दिवस होता. दिराची मुलगी पालघरला तीन आठवडे राहून बरी झाली. नर्सबाई म्हणाल्या, वेळेवर आणली म्हणून. पाड्यावर म्हणाले, उतारा उचलला म्हणून. माझ्या मुलीला काही झालं नाही. पुढे गोवर आला, पण तो सगळ्याच मुलांना आला. आणि ती बाई पाड्यावरच राहिली. तिला कुणी हात लावला नाही.

एकदा ती रस्त्यावर भेटली. मी म्हटलं, ''ये ना कामाला.''

''तुमचे घरात नाय येणार, बाय,'' ती म्हणाली. रागाने नाही. वाट सांगावी तसं. ''ता तिथं हाय आता.''

मी हसायला गेले. पण चाळीतही तेच झालं होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. त्या थंडीत सहाव्या खोलीतल्या माणसाची दोन बोटं मशिनीत गेली. त्याची बायको रडता रडता आमच्या दाराकडे बघत होती. नळाला पाणी नाही आलं की बायका आमच्या दाराकडे बघत. चाचीचा धाकटा नातू खोकायला लागला तेव्हा मी वाटीत मध घेऊन गेले. ''अभी सो रहा है, बेटी,'' चाची म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत तो खोकत होता. ओट्यावर मी बसले की तांदूळ लवकर निवडून व्हायचे. नर्सबाई तेवढ्या येत, पण त्यांची बदली झाली. सासूबाई कराडला गेल्या त्या नातीला भेटायलासुद्धा बोईसरला आल्या नाहीत. पाड्यावरच्या त्या मोकळ्या अंगणात एकटं बसणं म्हणजे काय, ते मला पाच-सहा महिने रोज दुपारी थोडं थोडं कळत गेलं.

उन्हाळ्यात नवऱ्याने पालघरला खोली बघितली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हाच नवे भाडेकरू आले. कोवळं जोडपं, घाटावरचं. मुलगी माझ्याहून लहान, हातात हिरवा चुडा, आणि पाचवा महिना असावा. तिने खोलीत डोकावून बघितलं, कोपऱ्यात उभी राहून हळूच हसली. मग मला विचारलं, ''ताई, खोली कशी हाय? काही तरास न्हाई ना?''

ओट्यावरच्या बायका तांदूळ निवडायच्या थांबल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या.

एक वाक्य होतं. जागेवर उभं राहून म्हणायचं होतं, पाऊण तास चालायचंही नव्हतं. पण मग तिने खोली घेतली नसती, आणि ते माझ्याबरोबर टेम्पोत बसून पालघरला आलं असतं. निदान त्या वेळी मला तसं वाटलं, आणि कानात कुणी फुंकलं म्हणावं, तर माझ्याजवळ कुणीच उभं नव्हतं.

''हवा छान येते,'' मी म्हणाले, आणि मुलीला घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले.